सौंदर्यस्पर्धेचा निकाल नेमका लागतो कसा?

20 नोव्हेंबर 1970 च्या रात्री लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मिस वर्ल्डची अंतिम फेरी झाली. परीक्षक नऊ. त्यांतल्या चौघांनी स्वीडनच्या स्पर्धकाला पहिला क्रमांक दिला होता. ग्रेनाडाच्या जेनिफर होस्टनला पहिला क्रमांक देणारे दोघेच होते. मुकुट होस्टनला मिळाला आणि स्वीडन थेट चौथ्या स्थानावर गेली.

साहजिकच बोंबाबोंब झाली. त्यात परीक्षकांच्या रांगेत ग्रेनाडाचे तेव्हाचे प्रीमियर एरिक गेरी बसलेले, म्हणजे संशयाला आयतंच निमित्त. वर्तमानपत्रांच्या माऱ्यापुढे आयोजक ज्युलिया मॉर्ली यांनी राजीनामा दिला (पुढे त्या परतल्या आणि पतीच्या निधनानंतर सगळी स्पर्धा त्यांनीच हातात घेतली). शेवटी त्यांचे पती आणि स्पर्धेचे जनक एरिक मॉर्ली यांनी परीक्षकांच्या मतपत्रिकाच लोकांसमोर मांडल्या. स्वीडनकडे पहिल्या क्रमांकाची मतं जास्त होती हे खरंच, पण दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या क्रमांकांची मतं होस्टनच्या पदरात जास्त पडली होती.

हे कसं होतं ते सोप्या आकड्यांत पाहू. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यापुरते. अंतिम फेरीत सात जणी आहेत आणि प्रत्येक परीक्षकाने एक ते सात क्रमांक लावायचे आहेत. 'अ' ही मुलगी चौघांना प्रचंड आवडली, त्यांनी तिला पहिली ठेवली. उरलेल्या पाचांना ती अजिबात पटली नाही, त्यांनी सातवी ठेवली. बेरीज झाली 39. 'ब' ला दोघांनी पहिली आणि सातांनी दुसरी ठेवली. तिची बेरीज 16. 'क' ला सगळ्यांनी तिसरी ठेवली, तर तिची 27. बेरीज जितकी कमी तितका क्रमांक वर. म्हणजे सर्वांत जास्त पहिल्या पसंती मिळवलेली 'अ' ही 'क' च्याही खाली गेली, आणि 'क' ला तर पहिला क्रमांक एकानेही दिला नव्हता.

1970 साली आतून काहीच घडलं नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तसा निकाल लागायला लबाडीची गरज नव्हती, मोजण्याची पद्धत पुरेशी होती. सौंदर्यस्पर्धांवर आपल्याकडे दोनच प्रकारे बोललं जातं. एक तर 'आपल्या मुलीने जग जिंकलं', नाहीतर 'सगळं आधीच ठरलेलं असतं'. या दोन्हींच्या मधे नियम, करार आणि हिशेब यांचं बरंच मोठं प्रकरण आहे, आणि बहुतेक विचित्र निकालांचं उत्तर तिथेच सापडतं.

मालक कोण?

पहिली गोष्ट, या स्पर्धा कुठलीही आंतरराष्ट्रीय संघटना भरवत नाही. ऑलिंपिकला जशी समिती असते, फुटबॉलला फिफा असते, तसं इथे काही नाही. मिस वर्ल्ड आणि मिस युनिव्हर्स ही खाजगी कंपन्यांच्या मालकीची नावं आहेत.

मिस वर्ल्डची सुरुवात 1951 ची. ब्रिटनमध्ये 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' नावाचा मोठा उत्सव चालू होता आणि डान्स हॉल चालवणाऱ्या मेक्का कंपनीतल्या एरिक मॉर्लींना गर्दी खेचायला काहीतरी हवं होतं. त्यांनी तेव्हा अगदी नव्या असलेल्या बिकिनीची स्पर्धा भरवली. तिला 'मिस वर्ल्ड' हे नाव वर्तमानपत्रांनी चिकटवलं. स्वीडनच्या किकी हॉकान्सनला बिकिनीतच मुकुट चढवला गेला, पोप महाशय संतापले, आणि पुढच्या वर्षी बिकिनी गायब झाली. स्पर्धा मात्र राहिली.

मिस युनिव्हर्सची जन्मकथा आणखी रोखठोक आहे. 1951 ची मिस अमेरिका योलांड बेटबीझ हिने स्विमसूट घालून जाहिरातीसाठी फिरायला नकार दिला. कॅटलिना या नावाने पोहण्याचे कपडे विकणारी कंपनी त्या स्पर्धेची प्रायोजक होती. ती चिडून बाहेर पडली आणि 1952 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला तिने स्वतःचीच स्पर्धा काढली. जिचा माल विकायचा, तिचीच स्पर्धा!

त्यानंतर मिस युनिव्हर्सचे मालक बदलत गेले. 1996 ते 2015 ती डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे होती. 2015 मध्ये मेक्सिकन स्थलांतरितांबद्दलच्या त्यांच्या वक्तव्यांनंतर टीव्ही वाहिन्यांनी पाठ फिरवली आणि त्यांनी ती आयएमजी समूहाला विकली. 2022 मध्ये थायलंडच्या जेकेएन ग्लोबल ग्रुपने दोन कोटी डॉलरला ती घेतली. वर्षभरात जेकेएनच कर्जात बुडून दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागायला कोर्टात गेली, आणि 2024 मध्ये निम्मी मालकी मेक्सिकोच्या राऊल रोचा यांच्या कंपनीकडे आली. मिस वर्ल्ड त्या मानाने घरातल्या घरात राहिली, मॉर्ली कुटुंबाकडे.

याखेरीज मिस इंटरनॅशनल (1960 पासून) आणि फिलिपिन्समधून चालणारी मिस अर्थ (2001 पासून) या दोन मोठ्या. चारींना मिळून शौकीन मंडळी 'बिग फोर' म्हणतात. 2013 पासून थायलंडची मिस ग्रँड इंटरनॅशनलही रेटून पुढे येते आहे.

देश म्हणजे फ्रँचायझी

स्पर्धकाच्या अंगावरच्या पट्ट्यावर, म्हणजे सॅशवर, देशाचं नाव असतं. त्यामुळे तिला सरकारने किंवा निदान एखाद्या राष्ट्रीय संस्थेने पाठवलं असेल अशी समजूत होते. तसं काही नसतं. प्रत्येक देशात एक व्यक्ती किंवा कंपनी मूळ मालकाकडून परवाना घेते. तिला नॅशनल डायरेक्टर म्हणतात. तिने दरवर्षी परवान्याचे पैसे भरायचे, आपल्या देशातली स्पर्धा भरवायची आणि विजेतीला पुढे पाठवायचं. पैसे वसूल करायचे ते प्रायोजकांकडून, प्रक्षेपणातून आणि विजेतीच्या वर्षभराच्या कामातून.

भारताचंच बघा. फेमिना मासिकाची मिस इंडिया 1964 पासूनची, टाइम्स समूहाची. बरीच वर्षं तिथूनच दोन्ही मोठ्या स्पर्धांना मुली जात. पण मिस युनिव्हर्सचा परवाना 2010 ते 2012 सुश्मिता सेनच्या 'आय अॅम शी' कडे होता. मग तो पुन्हा टाइम्सकडे आला आणि 2013 मध्ये 'मिस दिवा' सुरू झाली, जिच्यातून हरनाझ संधू गेली आणि डिसेंबर 2021 मध्ये इस्रायलमधल्या ऐलातला जिंकून आली. 2024 पासून परवाना ग्लॅमानंद या दुसऱ्याच कंपनीकडे आहे. तेव्हा 'यंदाची मिस इंडिया मिस युनिव्हर्सला का नाही गेली?' या दरवर्षीच्या प्रश्नाचं उत्तर साधं आहे: ते दुकानच वेगळं.

परवान्याचा व्यवहार असल्यामुळे 'देश' या शब्दाचा अर्थही इथे सैल आहे. प्वेर्तो रिको अमेरिकेचा प्रदेश असूनही स्वतंत्र उतरतो आणि त्याच्या नावावर मिस युनिव्हर्सचे पाच मुकुट आहेत. मिस वर्ल्डमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे येतात. 1970 च्या त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या दोन मुली होत्या. एक गोरी, 'साउथ आफ्रिका' नावाने. दुसरी पर्ल जॅन्सन, जिच्या सॅशवर 'आफ्रिका साउथ' लिहिलं होतं. वर्णद्वेषी राजवटीवरून होणारी टीका टाळायला आयोजकांनी काढलेली ही पळवाट. जॅन्सन दुसरी आली, म्हणजे गोऱ्या मुलीच्याही वर.

आणि अलीकडचं उदाहरण चिडिम्मा अडेटशिनाचं. ती 2024 च्या मिस साउथ आफ्रिकामध्ये अंतिम फेरीत होती. वडील नायजेरियन, म्हणून तिच्या नागरिकत्वावरून तिथे इतका गदारोळ उठला की तिने माघार घेतली. काही आठवड्यांतच तिने मिस युनिव्हर्स नायजेरिया जिंकली आणि नोव्हेंबरात मेक्सिको सिटीला मिस युनिव्हर्समध्ये दुसरी आली.

टीव्हीवर न दिसणारा भाग

आपण टीव्हीवर बघतो ते दोन-तीन तास म्हणजे शेपूट. स्पर्धक त्याआधी साधारण तीन आठवडे यजमान देशात असतात. रोज पहाटे मेकअप, मग प्रायोजकांचे कार्यक्रम, पर्यटनस्थळांवर शूटिंग, तालमी, जेवणावळी. सॅश सतत अंगावर. यांतल्या बऱ्याच गोष्टींना गुण नसतात, तरी कुणीतरी बघत असतंच, आणि अनुभवी मुली ते जाणून असतात. राष्ट्रीय पोशाखाची फेरी सोशल मीडियावर सर्वांत जास्त फिरते, पण मिस युनिव्हर्समध्ये तिचं बक्षीस वेगळं. मुकुटाच्या हिशेबात ती धरत नाहीत.

खरा निकाल ठरतो तो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे बंद दाराआडची मुलाखत. परीक्षक रांगेने बसलेले, मुलगी काही मिनिटं त्यांच्याशी बोलते आणि उठते. ही फेरी प्रेक्षकांना दिसत नाही, म्हणून दरवर्षी एखादी अनपेक्षित मुलगी पुढे गेली की लोक चक्रावतात. दुसरं म्हणजे प्राथमिक फेरी, बोलीभाषेत 'प्रिलिम'. इथे सगळ्या शंभर-सव्वाशे जणी स्विमसूटमध्ये आणि इव्हनिंग गाऊनमध्ये चालतात. प्रत्येकीला मंचावर मिळतो तो जेमतेम अर्धा-एक मिनिट. गाऊन पायात अडकला, वळताना तोल गेला, नजर जमिनीकडे गेली, की संपलं. चालण्याचं प्रशिक्षण देणाऱ्यांचा धंदा याच अर्ध्या मिनिटावर उभा आहे.

शंभरातून पंधरा-वीस-तीस निवडल्या जातात ते इथेच. आणि बहुतेक वेळा त्यानंतर पाटी कोरी होते: पुढच्या फेरीत मागचे गुण धरत नाहीत, अनेकदा परीक्षकही वेगळे असतात. म्हणून प्रिलिममध्ये चमकलेली मुलगी अंतिम रात्री एका फिक्या गाऊनमुळे बाहेर पडू शकते. 1980 आणि 90 च्या दशकात मिस युनिव्हर्समध्ये परीक्षकांचे दशांशातले गुण पडद्यावर दिसायचे. आता दिसत नाहीत. माझ्या मते ही सगळ्यात वाईट सुधारणा. गुण दिसत होते तोवर भांडण निदान आकड्यांवर व्हायचं.

मिस वर्ल्डचं गणित वेगळं आहे आणि भारतीय प्रेक्षकांनी ते नीट समजून घ्यायला हवं. मे 2025 मध्ये हैदराबादला झालेल्या स्पर्धेत आफ्रिका, अमेरिका-कॅरिबियन, युरोप, आशिया-ओशनिया असे चार गट होते. आधी प्रत्येक गटातून दहा, मग पाच, मग दोन, शेवटी एक. खेळ, टॅलेंट, मॉडेलिंग वगैरे उपस्पर्धा जिंकणारीला सुरुवातीच्या चाळणीतून सूट मिळते. त्याला 'फास्ट ट्रॅक' म्हणतात. भारताची नंदिनी गुप्ता टॉप मॉडेल उपस्पर्धेत आशियातून पहिली आली आणि वीस जणींपर्यंत पोचली. पुढे आशियातून दोनच जागा होत्या. त्या थायलंड आणि फिलिपिन्सला गेल्या, आणि नंतर त्या दोघींतून एकच.

या पद्धतीचा अर्थ असा की तुमची खरी लढत अख्ख्या जगाशी नसते, शेजाऱ्यांशी असते. आशियातल्या दोन मुली जगात पहिल्या-दुसऱ्या असतील तरी त्या दोघी शेवटच्या चौघींत एकत्र येऊच शकत नाहीत. आयोजकांना चारही खंडांतले प्रेक्षक शेवटपर्यंत टीव्हीसमोर हवे असतात. न्यायाच्या दृष्टीने हे लंगडं आहे, धंद्याच्या दृष्टीने अगदी चोख.

तीस सेकंदांचा प्रश्न

शेवटच्या प्रश्नाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं जातं, म्हणून थोडं बारकाईने.

1992 मध्ये बँकॉकला मिस युनिव्हर्समध्ये मधू सप्रे शेवटच्या तिघींत होती. अॅथलीट मुलगी, उंच, चालण्यात कमालीचा आत्मविश्वास. प्रश्न होता: देशाचं नेतृत्व हाती आलं तर सर्वांत आधी काय कराल? तिने क्रीडासंकुल बांधण्याची गोष्ट काढली. गरिबी एका वर्षात हटत नाही, पण खेळाडूंना सुविधा देता येतील, अशा अर्थाचं. ती तिसरी आली, मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला गेला. त्या उत्तराने मुकुट घालवला असं तेव्हापासून म्हटलं जातं. खरं तर खेळाडूने दिलेलं ते प्रामाणिक उत्तर होतं, आणि राजकारण्यांच्या आश्वासनांपेक्षा जास्त व्यवहारी. पण या फेरीत परीक्षक धोरण ऐकत नसतात. अनोळखी माणसांनी भरलेल्या सभागृहाला अर्ध्या मिनिटात आपलंसं करता येतं का, हे बघत असतात.

दोन वर्षांनी मनिलात सुश्मिता सेनला विचारलं गेलं, स्त्री असण्याचं सार काय? तिने स्त्री असणं ही देणगी आहे इथून सुरुवात केली, मातृत्वावर आली, पुरुषाला प्रेम आणि वाटून घेणं शिकवण्यावर संपवलं. आज ते उत्तर अनेकींना पटणार नाही. बांधणी मात्र बघण्यासारखी आहे: एक दावा, एक चित्र, एक शेवट, आणि मधे कुठेही अडखळणं नाही. आज प्रशिक्षक हाच साचा घोटून घेतात, त्यामुळे आजकालची उत्तरं एकमेकींची झेरॉक्स वाटतात. कुठल्याही प्रश्नाला सक्षमीकरण, स्वप्नं आणि 'माझा आवाज' यांतलं काहीतरी येतंच.

इथे एक कमी माहीत असलेली गोष्ट. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना दुभाषी घेता येतो. वरवर ही कमजोरी वाटते. प्रत्यक्षात तिचा फायदाही होतो, कारण प्रश्न दोनदा ऐकायला मिळतो आणि दुसऱ्यांदा ऐकताना विचार करता येतो. शिवाय चांगला दुभाषी विस्कळीत वाक्य नीटनेटकं करून देतो. उलट दुभाषी ढिसाळ असेल तर उत्तमातलं उत्तम उत्तर मातीत जातं.

बरीचशी बक्षिसं ठरावीक देशांनाच का जातात, याचं उत्तरही तयारीत आहे. व्हेनेझुएलात ओस्मेल सूसा नावाच्या माणसाने काही दशकं मुली घडवण्याचा कारखानाच चालवला. आहार, दात, चाल, बोलणं, आणि शस्त्रक्रियासुद्धा. याबद्दल त्याने कधी लपवाछपवी केली नाही. त्या देशाकडे मिस युनिव्हर्सचे सात मुकुट आहेत, आणि 2008 व 2009 असे लागोपाठ दोनदा तोच जिंकला. फिलिपिन्समध्ये स्पर्धकांची तालीम घेणारी शिबिरं आहेत आणि त्यांच्यात आपापसांत चुरस असते. भारतात 1994 ते 2000 या सात वर्षांत मिस वर्ल्डचे चार आणि मिस युनिव्हर्सचे दोन मुकुट आले. नुकती खुली झालेली बाजारपेठ आणि इकडे डोळा ठेवून असलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या, हे कारण तेव्हाही सांगितलं गेलं. बाजाराने निकाल विकत घेतला असं म्हणणं मला सोपं उत्तर वाटतं. बाजाराने प्रशिक्षणात पैसा ओतला, एवढं मात्र नक्की.

परीक्षकांवर विश्वास किती ठेवायचा?

परीक्षकांच्या रांगेत माजी विजेत्या, अभिनेते, डिझायनर आणि प्रायोजकांची माणसं असतात. त्यांना कुठली परवाना-परीक्षा नसते. नोव्हेंबर 2025 मध्ये थायलंडला मिस युनिव्हर्सच्या अंतिम फेरीच्या तीनच दिवस आधी ओमर हारफूश या परीक्षकाने राजीनामा दिला आणि अधिकृत परीक्षकांना डावलून एका वेगळ्या समितीने तीस जणी आधीच निवडल्याचा आरोप केला. आयोजकांनी तो साफ फेटाळला. त्याच स्पर्धेच्या सुरुवातीला थायलंडच्या आयोजकाने मेक्सिकोच्या फातिमा बॉशला सगळ्यांसमोर झापलं, ती उठून बाहेर गेली, आणि तिच्या मागोमाग इतरही बऱ्याच जणी. शेवटी मुकुट तिलाच मिळाला. मग अर्थातच कुणी म्हणालं तिच्या हिमतीला मिळाला, कुणी म्हणालं मालक मेक्सिकन म्हणून मिळाला. परीक्षकांचे गुण समोर नसले की दोन्ही बाजूंना वाटेल ते बोलता येतं. 1970 मध्ये मॉर्लींनी निदान मतपत्रिका दाखवल्या होत्या.

यजमान शहराचंही ऐकून घ्या. स्पर्धा भरवण्याचा खर्च बहुधा यजमानच उचलतो, पर्यटनाची जाहिरात म्हणून. हा सौदा अंगावरही येतो. 1996 मध्ये अमिताभ बच्चन यांच्या एबीसीएलने मिस वर्ल्ड बंगळुरूला आणली. उजव्या संघटना आणि स्त्रीवादी संघटना अशा दोन्हींनी वेगवेगळ्या कारणांनी विरोध केला, स्विमसूट फेरी सेशेल्सला हलवावी लागली, आणि कंपनी आर्थिकदृष्ट्या आणखी खोलात गेली. 2002 चं नायजेरियातलं प्रकरण तर भीषण. वर्तमानपत्रातल्या एका लेखात पैगंबरांचा उल्लेख आला, कडुना शहरात दंगली उसळल्या, दोनशेहून अधिक माणसं मेली आणि स्पर्धा घाईघाईने लंडनला नेण्यात आली.

मुकुटाबरोबर येणारा करार

विजेती त्या रात्रीपासून कंपनीची कर्मचारी होते असं समजायला हरकत नाही. वर्षभर कुठे जायचं, काय बोलायचं, कुठली जाहिरात करायची, हे करार सांगतो. 1973 ची मिस वर्ल्ड, अमेरिकेची मार्जोरी वॉलेस, हिला वर्ष संपण्याआधी काढलं गेलं. 1974 ची हेलन मॉर्गन अविवाहित माता असल्याच्या गवगव्यामुळे चार दिवसांत पायउतार झाली. 1980 ची जर्मन विजेती तर एका दिवसाच्या आत. 1996 ची मिस युनिव्हर्स अलिसिया माचाडो हिचं वजन वाढलं, तेव्हा ट्रम्प यांनी तिच्या व्यायामशाळेत पत्रकारांचे कॅमेरेच बोलावले.

1966 ची मिस वर्ल्ड रीटा फारिया हा या यादीतला सुखद अपवाद. मुंबईत डॉक्टरकी शिकणारी मुलगी, हा किताब जिंकणारी पहिली आशियाई. वर्ष संपलं तसे तिने सिनेमाचे आणि मॉडेलिंगचे प्रस्ताव बाजूला सारले आणि पुन्हा वैद्यकीय शिक्षणाकडे वळली.

मुकुटाचं ओझं कधीकधी विजेतीच्या पलीकडे जातं. 2023 मध्ये निकाराग्वाची शेनिस पालासियोस मिस युनिव्हर्स झाली. आनंदाने लोक रस्त्यावर उतरले, आणि ज्या देशात मोर्चाला बंदी होती तिथे ही गर्दी ओर्तेगा सरकारला खुपली. शेनिस सरकारविरोधी निदर्शनांत सहभागी झाल्याचे जुने फोटो फिरू लागले. थोड्याच दिवसांत निकाराग्वाच्या नॅशनल डायरेक्टरवर सरकारविरोधी कटाचा आरोप ठेवला गेला. सौंदर्यस्पर्धा भरवली म्हणून देशद्रोहाचा ठपका, असं फार थोड्यांच्या वाट्याला आलं असेल.

नियम बदलताहेत, पण ते सरळ रेषेत नाही. मिस वर्ल्डने स्विमसूट फेरी 2015 पासून बंद केली. मिस युनिव्हर्सने ठेवली. उलट विवाहित स्त्रिया आणि माता यांना मिस युनिव्हर्सने 2023 च्या स्पर्धेपासून प्रवेश दिला आणि पुढच्या वर्षी वयाची वरची मर्यादाही काढली. ट्रान्स स्त्रियांना 2012 मध्ये परवानगी मिळाली, कॅनडाच्या जेना टलाकोव्हाच्या लढ्यामुळे. गंमत म्हणजे 1952 च्या अगदी पहिल्या मिस युनिव्हर्सला भारताकडून गेलेल्या इंद्राणी रहमान विवाहित होत्या आणि आईही. शास्त्रीय नृत्यांगना म्हणून त्यांचं नाव पुढे जगभर झालं. म्हणजे 2023 ला 'ऐतिहासिक' म्हणून गाजवलेली गोष्ट पहिल्याच वर्षी घडून गेली होती.

जिंकत नाहीत त्या शंभर जणींचं काय? बऱ्याच जणी आपल्या डायरेक्टरशी केलेला करार संपेपर्यंत थांबतात आणि मग दुसऱ्या स्पर्धेत नशीब अजमावतात. शौकीन याला 'क्रॉसओव्हर' म्हणतात, आणि इथेच कंपन्यांची आपसातली तेढ उघडी पडते. थायलंडची ओपल सुचाता नोव्हेंबर 2024 मध्ये मिस युनिव्हर्सला चौथी आली, म्हणजे थर्ड रनर-अप. काही महिन्यांत ती मिस वर्ल्डला उतरली. मिस युनिव्हर्सने करारावर बोट ठेवून तिचा चौथा क्रमांक काढून घेतला. 31 मे 2025 ला हैदराबादच्या हायटेक्समध्ये तिच्या डोक्यावर मिस वर्ल्डचा मुकुट होता.